उभ्या रुग्णवाहिकेलाही कायद्याचे संरक्षण द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : रस्त्यावर थांबलेल्या रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशमन, क्रेन आणि दुरुस्तीच्या वाहनांजवळून जाताना पाळायचा वेग ठरवून देण्याबाबत.

आदरणीय मंत्रिमहोदय,



५ ऑक्टोबर २०२२ रोजी दसरा होता. त्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका गाडीला अपघात झाला. जखमींना हलवायला रुग्णवाहिका आली, सेतूचे कर्मचारी धावून आले आणि काही गाड्या तिथेच थांबल्या. तेवढ्यात मागून भरधाव आलेली एक मोटार त्या उभ्या वाहनांवर आणि रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर आदळली. पाच जणांचा जीव गेला. सेतूवर नोकरी करणारे आणि मदतीसाठी आलेले कर्मचारी त्यांत होते. पोलिसांनी चालकाला अटक केली, गुन्हा नोंदवला. कायद्याचे काम सुरू झाले, पण माणसे गेल्यानंतर. ती मोटार रुग्णवाहिकेच्या दिव्यांच्या दिशेने येत होती, त्या काही सेकंदांत आपला कायदा तिच्या चालकाला काय सांगत होता, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

मी बोरिवलीत राहतो, नोकरी अंधेरीत. पश्चिम द्रुतगती महामार्ग हा माझा रोजचा रस्ता, आणि बऱ्याचदा परतायला रात्र होते. म्हणून हे पत्र उपनगरांच्या बाजूने लिहितो आहे. पण ते सबंध राज्याला लागू आहे, असे मला मनापासून वाटते.

सायरन वाजवत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा विचार कायद्याने केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आले. अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवून दिलेले दुसरे आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो बाजूला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम चांगले आहे. मुंबईकरांनीही ते मनावर घेतलेले दिसते. घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर मुंगी शिरायला जागा नसते, तिथेही सायरन ऐकला की रिक्षावाले चाक फुटपाथला लावतात आणि दुचाकीवाले एकमेकांना हाका मारून वाट करून देतात. पण हे कलम येणाऱ्या वाहनासाठी आहे. तीच रुग्णवाहिका जखमींपाशी पोचली, थांबली, चालक आणि डॉक्टर स्ट्रेचर घेऊन खाली उतरले, की तिच्याशेजारून किती वेगाने जायचे, किती अंतर सोडायचे, याबद्दल ते गप्प आहे. धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दलचे कलम १८४ सगळ्यांना लागू आहे, हे मान्य. पण 'धोकादायक' म्हणजे काय, हे बहुतेक वेळा धडक झाल्यावरच ठरते. चालकाच्या हाती आधीच एक ठोस आकडा असायला हवा.

सागरी सेतूची घटना अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादला इस्कॉन पुलावर रात्री अगदी असेच घडले. आधीच्या अपघातापाशी लोक जमले होते, पोलीस पोचले होते, आणि भरधाव आलेली एक आलिशान गाडी त्या घोळक्यात घुसली. नऊ जण गेले. त्यांत बंदोबस्ताला आलेला एक पोलीस आणि एक होमगार्ड होता. दोन्ही ठिकाणी रात्रीची वेळ, मोकळा रस्ता, वर उचललेला पूल आणि आधीच घडलेला एक अपघात. मुंबईच्या उपनगरांत असे पूल किती आहेत ते आपण जाणता.

'एवढे लुकलुकणारे दिवे दिसत असताना माणूस धडकतोच कसा?' असे अनेकांना वाटते. याची कारणे डोळ्यांच्या आणि वेगाच्या मर्यादेत आहेत. अंधारात लुकलुकणारा दिवा दिसतो, पण ते वाहन चालते आहे की उभे, हे लांबून चटकन कळत नाही. आपण त्याच्याकडे किती वेगाने ओढले जात आहोत, हे तर त्याहून उशिरा कळते. बस किंवा कंटेनरच्या मागे असलेल्या चालकाला पुढचे काहीच दिसत नसते. पुढचा कंटेनर ऐनवेळी बाजू काढतो आणि उभी क्रेन एकदम समोर येते. शिवाय अपघात दिसला की मान तिकडे वळते, आणि नजर वळते तिकडे हातातले स्टिअरिंगही थोडे ओढले जाते.

आता वेगाचा हिशोब पाहू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच गेले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. एकूण सत्तरच्या आसपास, म्हणजे लोकलचे तीन-साडेतीन डबे. ताशी ४० असेल तर हेच अंतर २५ मीटरच्या जवळ येते. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा चौथाईवर येते. जुलैच्या ओल्या रस्त्यावर आणि झिजलेल्या टायरवर ८० चे अंतर किती वाढेल, हे वाहतूक शाखेच्या कोणत्याही हवालदाराला विचारावे.

काही महिन्यांपूर्वी रात्री गोरेगावजवळच्या उड्डाणपुलावर एक छोटा टेम्पो बंद पडलेला पाहिला. पुलावर कडेला थांबायला जागाच नसते. टेम्पो डावी लेन अडवून उभा होता. उजव्या बाजूचे मागचे चाक काढायचे होते, त्यामुळे मेकॅनिक जॅक लावून, वाहत्या रस्त्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता. त्याची टाच आणि हातातला पाना शेजारच्या लेनमध्ये येत होते. टेम्पोमागे दहा-बारा पावलांवर झाडाची एक फांदी आणि दोन दगड ठेवले होते. क्लीनर, विशीच्या आतला मुलगा, मोबाईलचा टॉर्च लावून हात हलवत होता. गाड्या आधी त्या मुलाला चुकवत होत्या, मग फांदीला, मग मेकॅनिकला. कुणीही वेग कमी करत नव्हते. सगळे फक्त बाजू काढत होते. एका गाडीने अप्पर-डिप्पर मारत हॉर्न दिला. मेकॅनिकने मान वर केली नाही, नट आवळत राहिला. त्याच्या अंगावर चमकणारी पट्टी असलेले जाकीट नव्हते. असायला हवे होते. पण जाकीट असूनही त्याला वाचवणार होता तो मागून येणाऱ्याचा ब्रेकच.

मोठी दुर्घटना झाली की सारी यंत्रणा रस्त्यावर उतरते. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि १७ जण दगावले. अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, क्रेन, रुग्णवाहिका दोन दिवसांहून अधिक काळ तिथे राबत होत्या. अशा वेळी बंदोबस्त लागतो, बॅरिकेड लागतात, वाहतूक आपोआप मंदावते. उघड्यावर पडतो तो लहान प्रसंग. मुलुंडजवळ रात्री दोन वाजता बंद पडलेला ट्रक ओढायला आलेली क्रेन, दहिसरच्या वळणावर घसरलेल्या दुचाकीस्वाराला उचलणारी १०८ ची रुग्णवाहिका, अंधेरीत केबलचा बिघाड शोधणारे वीज कर्मचारी, खड्डा बुजवणारी महापालिकेची टोळी, बेस्टची ब्रेकडाउन व्हॅन. इथे बॅरिकेड नसते, बंदोबस्त नसतो. त्यांचा भरवसा फक्त मागून येणाऱ्या अनोळखी चालकावर असतो. हातावर पोट असलेल्या या माणसांना जीव मुठीत धरून काम करावे लागते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याने १९९६ मध्ये, थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना लेन सोडण्याचा नियम केला. पुढे २०१२ पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले, आणि अनेक राज्यांनी क्रेन व दुरुस्तीची वाहनेही त्यांत घेतली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाने २०१७ मध्ये थेट ताशी ४० ची मर्यादा घातली. शेजारच्या न्यू साउथ वेल्सने २०१८ मध्ये तेच केले, पण महामार्गावर ११० च्या वेगातल्या गाड्यांनी अचानक ४० वर यावे हेही धोक्याचे ठरते, हे लक्षात आल्यावर २०१९ मध्ये नियम सुधारला. ज्या रस्त्याची मर्यादा ८० पर्यंत आहे तिथे ४०. त्याहून वेगवान रस्त्यावर वेग पुरेसा उतरवायचा, अंतर सोडायचे, जमेल तेव्हा लेन बदलायची. त्याच वेळी क्रेन आणि ब्रेकडाउनच्या गाड्यांनाही संरक्षण दिले. ही दुरुस्ती आपल्याला फार उपयोगाची आहे. मुंबई शहर-उपनगरांना पहिला भाग जसाच्या तसा लागू पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला आणि समृद्धी महामार्गाला दुसरा.

'मुंबईत लेन आहेतच कुठे, की लोक बाजूला होतील?' हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. म्हणूनच माझी मागणी आधी वेगाची आहे, लेनची नंतर. दिवसा गर्दीत गाड्या मुळातच रांगत असतात, तेव्हा हा धोका कमी असतो. खरी वेळ रात्री अकरा ते पहाटे पाचची. तेव्हा रस्ता मोकळा असतो, वेग चढलेला असतो, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर बाजूची लेनही रिकामी असते. जागा मिळत नाही, ही सबब नेमक्या धोक्याच्या वेळी लागू होत नाही. 'एकदम वेग कमी केला तर मागचा ठोकेल', हा दुसरा आक्षेप. नियम सर्वांना ठाऊक असेल तर मागचाही दिवे पाहूनच पाय सैल करेल. आज तो करत नाही, कारण ते त्याचे कर्तव्य आहे असे त्याला कुणी कधी सांगितलेलेच नाही.

आता अधिकाराविषयी. मोटार वाहन हा विषय समवर्ती सूचीतला आहे, आणि यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम ११२ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि ते नेमून देईल त्या प्राधिकाऱ्याला आहे. मर्यादा एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल, तर राजपत्रात अधिसूचना काढण्याचीही गरज नाही, अशी सोय त्याच कलमात आहे. म्हणजे रात्रीच्या रस्तादुरुस्तीसारख्या तात्पुरत्या कामांसाठी आजही फलक लावून वेग उतरवता येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली वाहतुकीचे नियमन करणारे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांनाही आहे. हत्यारे हाताशी आहेत. ती या कामासाठी उचलायची आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. चमकते दिवे लावून रस्त्यावर किंवा कडेला थांबलेल्या वाहनाजवळून जाताना, ज्या रस्त्यांची मर्यादा ताशी ८० पर्यंत आहे तिथे ताशी ४० पेक्षा जास्त वेग नसावा. शेजारची लेन मोकळी असेल तर ती घ्यावी. त्याहून वेगवान मार्गांवर वेग ठळकपणे उतरवून एक लेन सोडणे बंधनकारक असावे. सुरुवात पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि घाटकोपर-मानखुर्द उड्डाणपूल यांवरून करावी.

२. हे संरक्षण रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन यांच्यापुरते ठेवू नये. टोइंगची क्रेन, ब्रेकडाउन व्हॅन, वीज, पाणी आणि रस्त्यांच्या कामाची वाहने यांनाही ते मिळावे. इतर आपत्कालीन वाहने ठरवण्याचा अधिकार कलम १९४-ई ने राज्याला दिलाच आहे. ती यादी करताना या माणसांचाही विचार व्हावा. कुठल्या वाहनाने कोणत्या रंगाचा दिवा लावायचा हे पक्के करावे, नाहीतर दिव्याची किंमत राहणार नाही.

३. थांबणाऱ्यावरही जबाबदारी टाकावी. मागून येणाऱ्याला सत्तर मीटर लागत असतील, तर दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण किंवा फांदी पुरेशी नाही. रस्त्याच्या वेगाप्रमाणे कोन आणि त्रिकोण किती अंतरावर ठेवायचे याचा तक्ता प्रत्येक क्रेनच्या आणि गस्तीच्या गाडीत चिकटवलेला असावा. चमकणारी जाकिटे सक्तीची असावीत आणि ठेकेदाराच्या करारात त्यांची तरतूद असावी. दोन्ही द्रुतगती महामार्ग आता महापालिकेकडे आहेत. आपल्या खात्याने आणि महापालिकेने एकत्र बसून हे करावे.

४. थांबण्याबाबतची ही जबाबदारी आपल्या खात्याच्या पथकांनाही कडकपणे लागू करावी. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण दगावले. तो ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या प्रकरणाचा न्याय न्यायालय करेल. पण तपासणीसाठी वाहन धावत्या लेनमध्ये कधीही थांबवायचे नाही, टोलनाक्यापाशी किंवा मुद्दाम राखलेल्या जागीच थांबवायचे, हा लेखी आदेश आपण काढू शकता.

५. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रुग्णवाहिका मागून येत असेल तर काय कराल, हा प्रश्न विचारला जातो. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न घाला : रुग्णवाहिका पुढे थांबलेली असेल तर काय कराल? अंधेरी, बोरिवली आणि वडाळा येथील परिवहन कार्यालयांतून उपनगरांतले चालक परवाना घेतात. हा एक प्रश्न प्रत्येक नव्या चालकाच्या कानावर पडेल. जुन्यांसाठी परवाना नूतनीकरणाच्या वेळी, आणि टॅक्सी, रिक्षा, शालेय बसच्या चालकांच्या प्रशिक्षणात तो यावा.

६. पहिले तीन महिने दंड करू नये, समज द्यावी. ई-चलानची थकबाकी आणि त्यावरून होणारे वाद आपल्यासमोर आहेत; या नियमाची ओळख लोकांना चलानाच्या संदेशातून होता कामा नये. वेग टिपणारी गाडी अशा ठिकाणी उभी राहील, टीव्हीवर आणि पुलांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर 'पुढे मदतकार्य सुरू, वेग ४०' एवढे शब्द दिसतील, त्यानंतर दंडाची वेळ यावी.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या नागरिकाला कलम १३४-अ ने २०१९ पासून संरक्षण दिले आहे. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आणि खटल्याची भीती यातून त्याला मोकळे केले, हे योग्यच झाले. पण तो नागरिक जिथे उभा राहून मदत करतो, त्या रस्त्याची भीती अजून तशीच आहे. जखमीला पाणी पाजायला खाली वाकलेल्या माणसाला आपण सांगतो की कायदा तुझ्या पाठीशी आहे. तर त्याच्या पाठीमागून येणाऱ्या गाडीलाही कायद्याने काही सांगितले पाहिजे.

माझी विनंती साधी आहे. वरच्या मुद्द्यांवर आपल्या खात्याने मसुदा तयार करावा, तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा आणि तीस दिवसांत हरकती-सूचना मागवाव्यात. क्रेनचालक, १०८ चे डॉक्टर, अग्निशमन दलाचे जवान, रस्त्यावर काम करणारे महापालिकेचे कामगार यांना सुनावणीला मुद्दाम बोलवावे. कुठल्या वळणावर, कुठल्या उताराला जीव धोक्यात येतो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नाही. आम्ही उपनगरांतले वाहनचालकही लेखी सूचना देऊ, आणि नियम झाला की आधी स्वतः पाळू. मसुद्याची तारीख तेवढी आपण जाहीर करावी.

आपला नम्र,
पश्चिम द्रुतगती महामार्गावरून रोज ये-जा करणारा एक नागरिक
बोरिवली (पूर्व), मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. सह पोलीस आयुक्त (वाहतूक), बृहन्मुंबई, मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका.